वाचक विचारतात: जिना उतरताना कठडा इतका घट्ट का धरला जातो?

गेल्या अंकात सजग हालचालींच्या धड्यांबद्दल लिहिलं होतं. जमिनीवर आडवं होऊन किंवा खुर्चीत बसून, अगदी सावकाश, कुठे काय हलतंय याकडे लक्ष देत करायच्या या छोट्या हालचाली. फेल्डनक्राइस पद्धत या नावाने त्या जगभर शिकवल्या जातात. पत्रं बरीच आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तर देते. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणींनी विचारलाय.

प्रश्न: माझं वय ६८. दीड वर्षापूर्वी मोरीत पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, मुका मार बसला. पण तेव्हापासून चालताना नजर जमिनीवरून हलत नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना उतरताना कठडा इतका घट्ट धरते की खाली पोचेपर्यंत मनगट दुखायला लागतं. मुलगा म्हणतो, ‘आई, घाबरू नकोस, सरळ चाल.’ असं म्हटल्याने भीती जाते का? तुमचे धडे मला झेपतील का? (सांगली)

उत्तर: नाही जात. मुलाला माझ्यातर्फे सांगा, की भीती नुसती मनात नसते, ती गुडघ्यात, बरगड्यांत आणि मानेतही असते. पडून उठलेलं माणूस श्वास धरून चालतं, गुडघे ताठ ठेवतं आणि पावलांकडे बघतं. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पुढे झुकलं की पाठीच्या स्नायूंना ते मागून धरून ठेवावं लागतं, म्हणजे शरीर आणखी ताठ होतं. आणि ताठ शरीर जास्त सहज पडतं. घोटा, गुडघा, खुबा जिथल्या तिथे आवळून ठेवले, तर तोल किंचित गेल्यावर तो परत आणायचा कोणी?

तोल तिघं मिळून सांभाळतात: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळव्यांकडून, सांध्यांकडून, स्नायूंकडून येणारी खबर. तुम्ही सगळं काम डोळ्यांवर टाकलंय. एक करून बघा. स्वयंपाकघरातल्या ओट्याला बोटं टेकवून उभ्या राहा आणि लक्ष तळव्यांत न्या. भार कधी टाचेकडे, कधी चवड्याकडे, कधी बाहेरच्या कडेला सरकताना जाणवेल. तुम्ही ‘स्थिर’ उभ्या असतानाही हे चालूच असतं. हे हेलकावे म्हणजे बिघाड नव्हे. त्यांच्याच जोरावर आपण उभे असतो. पडल्यानंतर आपण नेमके तेच थांबवायला जातो.

मोशे फेल्डनक्राइस यांना हे ज्यूदोतून कळलं. जन्म १९०४ चा, आजच्या युक्रेनमधल्या स्लावुताचा. पॅरिसमध्ये त्यांनी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केली, ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांची तिथेच १९३३ मध्ये भेट झाली, आणि पुढे फ्रान्समध्ये ज्यूदो रुजवणाऱ्यांत ते होते. फुटबॉल खेळताना दुखावलेला गुडघा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्या शोधण्याच्या संशोधनावर असताना, ओल्या निसरड्या डेकवर पुन्हा दुखावला. शस्त्रक्रियेच्या यशाची खात्री कोणी देईना. मग हा गृहस्थ स्वतःचंच चालणं बारकाईने तपासत बसला, आणि त्यातून ही पद्धत उभी राहिली. पुढे तेल अवीवमध्ये इस्रायलचे पंतप्रधान बेन गुरियन त्यांचे विद्यार्थी झाले. समुद्रकिनाऱ्यावर चड्डीत शीर्षासन करणाऱ्या त्या म्हाताऱ्या पंतप्रधानांचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. (तुम्ही शीर्षासन करायचं नाहीये.) ज्यूदोवाल्याच्या लेखी तोल म्हणजे खांबासारखं उभं राहणं नाही. कोणत्याही दिशेला, आधी तयारी न करता, हलता येणं म्हणजे तोल.

आता तुमचा धडा. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्या, सोफा नको, घसरणारी प्लास्टिकची तर नकोच. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली. तळहात नितंबांखाली सरकवा, दोन हाडं हाताला लागतील. ती कळली की हात काढून घ्या. मग भार किंचित उजव्या हाडावर न्या आणि परत मध्ये आणा. किंचित म्हणजे समोर पेपर वाचत बसलेल्या माणसालाही कळू नये इतका. पाच-सहा वेळा. उजवीकडे जाताना कुठली बाजू लांब होते, डावी की उजवी? डोकं कुठे जातं? श्वास चालू आहे ना? मग थांबा आणि मागे टेकून बसा. ही विश्रांती धड्याचाच भाग आहे, ती गाळू नका. वर्गात बायका हमखास इथेच घाई करतात, कारण कुकर लावायचा असतो. मग डावी बाजू. शेवटी सावकाश उजवीकडून डावीकडे. एका बाजूला हे सहज होतं आणि दुसऱ्या बाजूला अडतं, असं बहुतेकांचं होतं. अडतं तिथे जोर लावू नका, हालचाल अर्धी करा.

तीन-चार दिवसांनी हेच उभ्याने, ओट्याला धरून. भार उजव्या पावलावर जाऊ द्या. डावी टाच आपोआप हलकी होईल. ती उचलायची नाही, हलकी झालेली नुसती ओळखायची.

जिन्यावर कठडा सोडू नका. मूठ मात्र सैल करा, म्हणजे तळवा कठड्यावरून घसरत तुमच्याबरोबर येईल. खाली उतरताना खरं काम वरच्या पायरीवर राहिलेला पाय करतो. त्याचा गुडघा हळूहळू वाकला की खालचं पाऊल अलगद टेकतं. घाबरलेलं माणूस तो वरचा गुडघा ताठ धरतं आणि खालच्या पायावर धपकन आदळतं. पुढच्या वेळी फक्त त्या वरच्या गुडघ्याकडे लक्ष द्या. नजर दोन-तीन पायऱ्या पुढे असू द्या.

आणि हो, मोरीत भिंतीला दांडा बसवून घ्या. टॉवेल अडकवायचा नव्हे, अंगाचा भार पेलणारा. धडे आपल्या जागी, निसरडी फरशी आपल्या जागी.

प्रश्न: वय ७१. गणपतीत पूजेला पाटावर बसलो आणि उठताच येईना. जावयाने काखेत हात घालून उठवलं, चार लोकांत फार ओशाळायला झालं. आता घरचे म्हणतात, खुर्चीवरच बसा. त्यातच व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला: हात न टेकता जमिनीवरून उठता आलं नाही, तर आयुष्य थोडं उरलं! मी करून पाहिलं, दहापैकी तीन गुण. काय समजायचं? (डोंबिवली)

उत्तर: लगेच मृत्युपत्र करायला बसू नका. ती चाचणी खोटी नाही. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉडिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. बसताना पाच आणि उठताना पाच गुण, हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक वजा, तोल डळमळला की अर्धा वजा. कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त दिसले, हे खरं. पण ज्याचे स्नायू, सांधे, वजन आणि हृदय ठीक नाही त्याला गुणही कमीच पडणार. जमिनीवर हात टेकल्यामुळे कोणी मरत नाही. घरी एकट्याने ती चाचणी पुन्हा करू नका, एवढंच. पडायचं निमित्त नको.

उठता न येण्याचं कारण नुसती ताकद कमी हे क्वचितच असतं. तुम्ही मांडी घातलेल्या जागेवरूनच सरळ वर उठायला जात असणार. पुढे दोन्ही हात, गुडघ्यांवर जोर, तोंडातून ‘आई गं’. शरीराला सरळ वर जाण्यापेक्षा वळून वर जाणं सोपं जातं. सहा महिन्यांचं मूलही आधी कुशीवर वळायला शिकतं.

तेव्हा मांडीतून दोन्ही गुडघे डावीकडे झुकवा, पाय उजवीकडे येऊ द्या. दोन्ही तळहात डावीकडे, अंगापासून वीतभर लांब जमिनीवर टेका. आता डाव्या खांद्यावरून मागे, दारात कोण आलंय असं बघा. बघता बघता वळा. डोळे गेले की डोकं जातं, डोक्यामागे छाती, छातीमागे खुबा. उजवं नितंब आधीच उचललेलं असतं, डावंही सुटतं आणि तुम्ही हातागुडघ्यांवर येता. तिथे दोन श्वास थांबा. मग एक पाऊल पुढे, हात त्याच मांडीवर किंवा शेजारच्या खुर्चीवर, आणि वर. शेजारी जड खुर्ची असू द्याच.

पहिला आठवडाभर उठूच नका. पलंगावर किंवा जाड सतरंजीवर बसून फक्त गुडघे झुकवणं आणि मागे बघणं, एवढंच करा. दोन्ही बाजूंनी. कुठल्या बाजूने सोपं जातं ते कळलं की त्या बाजूने उठा, आम्हाला दोन्हीकडचं कौतुक नाही. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, तर मात्र गुडघा टेकण्याआधी तुमच्या शल्यविशारदांना विचारा.

घरच्यांच्या खुर्चीबद्दल माझं मत वेगळं आहे. जेवायला खुशाल खुर्ची घ्या. पण दिवसातून एकदा तरी जमिनीवर जाऊन या. जे करणं सोडलं, ते या वयात फार लवकर जातं. कमोड आल्यापासून आपल्याकडे उकिडवं बसणं कसं गेलं ते बघा.

प्रश्न: मी वीस वर्षं योगाचे वर्ग घेतो. तुम्ही जे सांगता ते आमच्याकडे आहेच. नाव परदेशी दिलं की लोक पैसे मोजतात, असं तर नाही ना? (नाशिक)

उत्तर: थोडंसं तसंही आहे, कबूल. पण फरकही आहे. आसनात शेवटी पोचायची एक स्थिती असते. या धड्यात पोचायचं कुठेच नसतं. शिक्षक करून दाखवत नाही, नुसतं बोलतो, म्हणजे नक्कल करायला समोर कोणी नसतं. हालचाल अर्ध्यावर थांबवून उरलेली कल्पनेत करायला सांगतो. आणि जोर जाणूनबुजून कमी ठेवतो. डोक्यावर धान्याचं पोतं असेल, तर त्यावर चिमणी बसलेली कळत नाही. टोपी असेल तर माशीही कळते. स्नायू आवळलेले असताना बारीक फरक जाणवत नाहीत, आणि फरक जाणवल्याशिवाय सवय बदलत नाही. तुमच्या वर्गात शेवटच्या स्थितीपेक्षा वाटेकडे लक्ष द्यायला सांगत असाल, तर आपलं भांडण नाही.

पुराव्याचंही सांगते, मी मुळात फिजिओथेरपिस्ट असल्याने ती खोड आहे. या पद्धतीने वयस्कांचा तोल सुधारल्याचं काही अभ्यासांत दिसलं, पण ते अभ्यास लहान आहेत. भक्कम पुरावा आहे तो एकंदर व्यायामाचा. कॉक्रेन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था; तिच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त माणसं होती. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि त्यात तोलाचे व रोजच्या हालचालींचे व्यायाम पुढे होते. म्हणून माझ्या वर्गात धड्यानंतर सगळ्यांना हात न लावता खुर्चीतून उठ-बस करायला लावते. सजगतेने मांडीचा स्नायू भरत नाही.

प्रश्न: वय ५९, बारा वर्षं मधुमेह. तळवे बधिर वाटतात, गादीवरून चालल्यासारखं. बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो. रात्री बाथरूमला जाताना भिंत धरतो. कोणता धडा करू? सोबत माझ्या चपलांचा फोटो पाठवतोय, झीज एका बाजूला आहे. (नागपूर)

उत्तर: आधी धडा नाही, आधी डॉक्टर. डोळे मिटल्यावर झोक जातो, याचा अर्थ तळव्यांकडची खबर पोचत नाही आणि तुम्ही डोळ्यांच्या भरवशावर उभे आहात. मधुमेहात पायांच्या नसा दुखावतात, त्याची तपासणी करून घ्या. बी-१२ जीवनसत्त्व पण तपासा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, त्यात शाकाहारी असाल तर आणखीच. ते कमी असल्यानेही पाय बधिर होतात, आणि त्यावर उपचार आहेत. बसल्यावरून उठताना अंधारी येते का, हेही सांगा. रक्तदाबाच्या गोळ्यांचा संबंध असू शकतो.

तोवर अनवाणी चालू नका, घरातसुद्धा. खडा रुतला तरी कळणार नाही. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा राहू द्या. डोळ्यांवर तुमची भिस्त आहे, त्यांना अंधारात ठेवू नका. तोंड धुवायला बेसिनसमोर स्टूल घ्या.

तपासण्या झाल्यावर धडे जरूर करा, पण आडवं पडून. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, तळवे गादीवर. एक पाऊल हलकेच दाबा आणि तो दाब खुब्यापर्यंत, कंबरेपर्यंत, पार मानेपर्यंत कसा पोचतो ते बघा. तळवा मुका असला तरी खुबा आणि पाठ बोलतात, त्यांचं ऐकायची सवय लागते. उभ्याने करायचे धडे मात्र, शिकवणारं कोणी शेजारी असतानाच.

फोटो पाहिला. झीज बाहेरच्या कडेला आहे, ते डॉक्टरांना दाखवा. पण त्या चपलांना मागे पट्टा नाही, तळ गुळगुळीत झालाय आणि अंगठ्याशी रबर सुटलंय. त्या माळ्यावरसुद्धा ठेवू नका, टाकून द्या.