पगार देऊ नका असं हर्झबर्ग कुठे म्हणालाय?

"हर्झबर्ग म्हणतो पगाराने प्रेरणा मिळत नाही, मग कंपन्या पगारवाढ का देतात? आणि मास्लोपेक्षा तो वेगळा कसा?" असा तुमचा प्रश्न. (हर्झबर्ग आणि मास्लो, दोघे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ; माणसाला प्रेरणा कशाने मिळते यावर दोघांचे सिद्धांत आहेत.) त्यातलं पहिलं वाक्य आमच्या एचआर साहेबांनी भर मीटिंगमध्ये तोंडावर फेकलं होतं, म्हणून लिहितोय.

भोसरीत सुपरवायझर होतो. ब्रॅकेटचं भोक सरकायचं, माल रिजेक्ट व्हायचा. आमच्या व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरने भंगारातली प्लेट, दोन डॉवेल पिना आणि एक टॉगल क्लॅम्प घेऊन फिक्स्चर, म्हणजे जॉब जागेवर घट्ट धरणारा साचा, बनवलं. रिजेक्शन जवळपास थांबलं. बक्षीस काय, तर कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर फोटो आणि स्टीलची बाटली. ओटी, म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे, मात्र थकलेली. पठ्ठ्या म्हणाला, "साहेब, फोटो उतरवा, ओटी काढा." त्यावर एचआरने हर्झबर्ग काढला. अहो, ओटी दुप्पट दराने द्यायची हे तेव्हाचा कारखाने अधिनियम 1948 सांगायचा, तिथे हर्झबर्गचं काय काम?

1959 मध्ये त्याने पगार, सुपरव्हिजन, कंपनीचे नियम 'हायजीन'मध्ये टाकले: नीट नसले तर माणूस चिडतो, असले तर चिडत नाही, बस. काम जमल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी यांचं खातं वेगळं. पहिलं खातं रिकामं ठेवून दुसऱ्यातून फोटो वाटा, असं तो म्हणत नाही. शिवाय त्याने विचारलं होतं पिट्सबर्गकडच्या सुमारे 200 इंजिनिअर-अकाउंटंटांना. सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन कामावरून काढल्या जाणाऱ्या कंत्राटी पोराला नव्हे.

पुढे ओटी मिळाली, कुरकुर थांबली. पण त्या पोराने पुन्हा एकही सुधारणा सुचवली नाही. फिक्स्चरचं ड्रॉइंग निघालं तेव्हा टायटल ब्लॉकमध्ये (कोपऱ्यातल्या नाव-तपशिलाच्या चौकटीत) 'डिझाइन्ड बाय'समोर एका ट्रेनी इंजिनिअरचं नाव होतं. मी भांडलो, तर म्हणे ऑपरेटरचं नाव सिस्टीम घेत नाही. इथे मात्र हर्झबर्ग शंभर टक्के खरा.

मास्लोचं (1943) थोडक्यात: त्याच्याकडे एक गरज बऱ्यापैकी भागली की पुढची डोकं वर काढते, हर्झबर्गकडे दोन्ही खाती एकदम चालू असतात. परीक्षेला एवढं पुरे.

हां, हर्झबर्गवर आक्षेपही आहेत. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला घेतो, वाईट झालं की खापर कंपनीवर फोडतो, त्यामुळे मुलाखतींतून अशीच विभागणी निघणार. आक्षेपात दम आहे.

तरी एचआरमध्ये जाणार असाल तर आधी थकबाकी काढा, फोटोचा फळा नंतर रंगवा. आणि आमचे साहेब वाचत असतील तर त्या ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन काढायला पाच मिनिटं लागतात.