‘ग्लोबल इल्युमिनेशन’ला मराठीत काय म्हणावे?

जुन्या नाशकातील एका वाड्याचे त्रिमितीय चित्र संगणकावर उभारणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले आहे की, ‘ग्लोबल इल्युमिनेशन’साठी अहवालात ‘जागतिक प्रकाशन’ असे लिहिले तर चालेल का. चालणार नाही. हे नाव एखाद्या पुस्तक-प्रदर्शनाला शोभेल, आणि मुळात येथील ‘ग्लोबल’चा जगाशी काही संबंध नाही. एखाद्या पृष्ठभागाचा उजळपणा ठरवताना त्यावर थेट पडणाऱ्या प्रकाशाबरोबरच दृश्यातील इतर सर्व वस्तूंवरून परावर्तित होऊन येणारा प्रकाशही हिशेबात धरणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. म्हणून अहवालात ‘समग्र प्रदीपन’ लिहावे आणि त्यातील परावर्तित भागाला ‘अप्रत्यक्ष प्रकाश’ म्हणावे.

हा भेद आपल्या बोलीत आधीपासूनच आहे. चौकात ऊन पडते. माजघरात ऊन येत नाही, उजेड येतो. चौकात वाळत घातलेल्या तांबड्या गोधडीमुळे शेजारची चुन्याची भिंत तांबूस दिसते, तेव्हा घरातली माणसे भिंतीवर ‘तांबडी झाक मारते’ असे म्हणतात. ग्राफिक्सवाल्यांचे ‘कलर ब्लीडिंग’ ते हेच. त्यासाठी ‘रंगस्राव’ घडवण्याची हौस कृपया आवरावी. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक भिंत तांबडी, एक निळी आणि बाकीच्या पांढऱ्या अशी पेटी घेऊन नेमकी ही झाक गणिताने काढून दाखवली. त्या पद्धतीचे नाव ‘रेडिऑसिटी’, आणि तिचे गणित उष्णतेच्या प्रारणाच्या शास्त्रातून उसने घेतलेले होते. तापलेली भिंत जशी न शिवताही झळ देते, तशी उजळलेली भिंत उजेड देते.

राहिला ‘बाउन्स’, म्हणजे प्रकाशाचे एका पृष्ठभागावरून उसळून दुसऱ्यावर जाणे; असे किती वेळा हिशेबात धरायचे, तो आकडा संगणकाला द्यावा लागतो. कोशातील ‘परावर्तन’ चुकीचे नाही, परंतु मोजायला ते अवघड जाते, कारण ‘तीन परावर्तने’ असे सहसा कोणी बोलत नाही. गल्लीत ‘एक टप्पा आउट’ खेळलेल्या माणसाला मात्र ‘टप्पा’ समजावून सांगावा लागत नाही. ‘टप्पा’ म्हणजे पायरी हा दुसरा अर्थही येथे अडचणीचा नाही, उलट सोयीचाच आहे. फक्त सूर्य हाच प्रकाशस्रोत धरून टप्पे शून्य ठेवले, तर ऊन पोहोचत नाही ते सारे माजघर काळेकुट्ट राहते. एक टप्पा दिला की चौकाकडे तोंड असलेली भिंत उजळते, आणि चार-पाच दिल्यावर आतल्या कोनाड्यातील समई दिसू लागते.