तरती पवनचक्की उलटत का नाही?

प्रश्न : डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी तरत्या पवनचक्कीचं मॉडेल केलंय. ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, लांबी ६० सेंमी, दोन्ही टोकांना कॅप, तळाशी सव्वा किलो वाळू, वर ५० सेंमीचा मनोरा आणि पंखा. ड्रममध्ये सोडलं की कलंडतं. तीन दोऱ्या बांधल्या तरी तेच. खऱ्या समुद्रात ती उभी कशी राहते?
— विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोऱ्यांवर भिस्त ठेवू नका. तुमच्या प्रकारात, म्हणजे ‘स्पार’मध्ये (पाण्यात उभा तरंगणारा लांब नळकांडा), साखळ्यांचं काम चक्की वाहून जाऊ न देणं एवढंच, तिला उभं ठेवतं ते तळाचं वजन. सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य (जिथं सारं वजन एकवटलंय असं धरतात तो बिंदू) उत्प्लावन केंद्राच्या, म्हणजे बुडालेल्या भागाच्या मध्याच्या, खाली हवा.

पाइप ५० सेंमी बुडवायचा तर एकूण वजन साधारण २.२ किलो हवं आणि उत्प्लावन केंद्र तळापासून २५ सेंमीवर येतं. मनोऱ्याचं वजन तुम्ही कळवलेलं नाही, पण पंखा-मोटर धरून ते ३०० ग्रॅम असेल तर तेवढ्यानंच गुरुत्वमध्य सुमारे १२ सेंमी वर सरकतो. वाळू हलकी, ती पाइपात १७-१८ सेंमी चढते. गुरुत्वमध्याचा हिशेब २६ सेंमीच्या आसपास, म्हणजे उत्प्लावन केंद्राच्या वर जातो आणि मॉडेल आडवं होतं. पाइपाच्या रुंदीमुळं गुरुत्वमध्याला वर जायला मिळणारी सूट इथं एक मिलिमीटरही नाही.

मनोरा बांबूच्या काडीचा करा, पंख्यासकट १०० ग्रॅमच्या आत. वाळूऐवजी उद्यमनगरात पंचिंगचे लोखंडी तुकडे मिळतील ते घाला, १.४ किलो तुकडे सात-आठ सेंमीत बसतात. गुरुत्वमध्य १५-१६ सेंमीवर उतरेल. तुकड्यांवर मेण ओतायला विसरू नका, नाहीतर ते एका बाजूला घसरतात आणि कलणं वाढतच जातं. कॅपमधून पाणी झिरपलं तरी हेच होतं.

स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ २०१७ पासून ६ मेगावॉटच्या पाच चक्क्या याच तत्त्वावर उभ्या आहेत. त्यांचा स्पार जवळपास ७८ मीटर पाण्याखाली आहे. पोर्तुगालमधल्या ‘विंडफ्लोट’ला मात्र एकमेकांपासून लांब उभ्या तीन खांबांची रुंदी सावरते. तिथं पंप एका खांबातलं पाणी दुसऱ्यात नेतात, पण ते वाऱ्यानं आलेला सरासरी कल काढायला. प्रत्येक लाटेमागं पंप धावत नाही. ताणलेल्या दोरांनी उभी राहणारी चक्कीही असते, पण तिचे दोर सरळ खाली तळाशी जखडलेले आणि कायम ताणात असतात.

प्रश्न : सतत हलताना लाटांबरोबर झोके वाढत नाहीत का? आणि वीज नेणारी केबल तुटत नाही?
— वाचक, कागल

उत्तर : समुद्राच्या लाटा साधारण ५ ते २० सेकंदांनी येतात. स्पारचा स्वतःचा झोका जवळपास ३० सेकंदांचा ठेवतात, म्हणून लाटांशी त्याची लय जुळत नाही. ताणलेल्या दोरांच्या चक्कीत उलट करतात : तिचा झोका दोन-चार सेकंदांचा.

खरी काळजी पात्यांच्या नियंत्रकाची. वारा सेकंदाला ११-१२ मीटरच्या वर गेला की नियंत्रक पाती वळवून जादा वारा सोडून देतो. आता चक्की पुढं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला झुकू लागली, तर पात्यांना वारा जास्त लागतो. नियंत्रक पाती आणखी वळवतो, वाऱ्याचा रेटा कमी होतो, आणि पुढं जाणं अडवायला काही उरत नाही. मागं जाताना रेटा वाढतो. झोपाळ्याला लयीत हात द्यावा, तसा प्रत्येक झोका मोठा होतो. जमिनीवरच्या चक्कीचं नियंत्रण जसंच्या तसं समुद्रात नेलं की हे घडतं. त्यामुळं नियंत्रकाची प्रतिक्रिया त्या ३० सेकंदांच्या झोक्यापेक्षाही संथ करतात. बदल्यात पंख्याचा वेग थोडा कमी-जास्त होत राहतो, तो जनित्रानं सोसायचा.

केबल सरळ ताणून सोडत नाहीत. मधल्या भागाला तरंगते बांधून तिला पाण्यातच बाक देतात. चक्की काही मीटर सरकली तर तो बाक उघडतो, ओढ सांध्यावर येत नाही. जास्त वाकणारी जागा म्हणजे केबल चक्कीत शिरते ते तोंड. तिथं निमुळतं रबरासारखं आवरण बसवतात आणि तपासणीत ते पहिलं बघतात.