जुन्या अंकातलं सर्किट, आजच्या बाजारातले पार्ट : वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक पत्रं जुन्या हॉबी मासिकांमधल्या सर्किटबद्दलची आहेत. रद्दीत सापडलेले अंक आणि नेटवरची स्कॅन समोर ठेवून बरेच जण पुन्हा डाख द्यायला बसलेत, याचा आनंद आहे.

प्रश्न : सत्तरच्या दशकातल्या ‘एलेक्टर’ या इंग्रजी हॉबी मासिकातलं सर्किट करायला घेतलंय. यादीत टीयूएन, टीयूपी, डीयूएस, डीयूजी अशी नावं आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत विचारलं, तर असा पार्टच नाही म्हणतात. (डोंबिवली)

उत्तर : दुकानदार बरोबर आहेत, कारण हे पार्टचे नंबर नव्हेतच. सर्किटला ट्रान्झिस्टर नेमका कुठला याने फरक पडत नसेल, तिथे एलेक्टर नंबराऐवजी किमान गुण सांगत असे. टीयूएन म्हणजे एनपीएन सिलिकॉन ट्रान्झिस्टर : किमान २० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर, १०० गेन (करंट किती पट वाढतो तो आकडा) आणि १०० मेगाहर्ट्झ. टीयूपी म्हणजे तसाच पीएनपी, प्लस-मायनस उलटे असलेला. आज टीयूएनच्या जागी बीसी ५४७ आणि टीयूपीच्या जागी बीसी ५५७ बिनधास्त लावा. फक्त पाय तपासा. अंकातली पीसीबी (पार्ट बसवायची तांब्याच्या रेषांची पाटी) बीसी १०७ सारख्या पत्र्याच्या टोपीच्या ट्रान्झिस्टरसाठी आखलेली असू शकते. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे एमिटर, बेस आणि कलेक्टर. त्यात टोपीच्या कानाजवळचा पाय एमिटर असतो. बीसी ५४७ मात्र चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरला, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा येतो.

डीयूएस म्हणजे साधा सिलिकॉन डायोड, १एन ४१४८ चालतो. डीयूजी मात्र जर्मेनियम आहे. रेडिओच्या डिटेक्टरमध्ये (सिग्नलमधून आवाज वेगळा करणाऱ्या भागात) त्या जागी १एन ४१४८ लावला, तर बारीक सिग्नल ऐकूच येणार नाही. बाजारात १एन ३४ नावाने काहीही खपतं, म्हणून मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर बघा : ०.२ ते ०.३५ व्होल्ट हवेत. ०.६ दाखवला तर तो सिलिकॉन. खरा जर्मेनियम मिळालाच नाही, तर बीएटी ४२ किंवा बीएटी ८५ हा शॉट्की डायोड वापरा.

सोल्डरिंगच्या आधी पुढच्या चार-सहा महिन्यांचे अंकही चाळा. एलेक्टर आपल्या चुकांची दुरुस्ती ‘मिसिंग लिंक’ या नावाने छापायचं. सर्किट चालत नाही म्हणून आठवडाभर पार्ट बदलत बसायचं आणि चूक मूळ आकृतीतच असायची, असं फार वेळा होतं.

प्रश्न : दोन एसी १२८ (जर्मेनियम ट्रान्झिस्टर), ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि ९ व्होल्टची बॅटरी असा जुना पुश-पुल, म्हणजे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करणारा, अँप्लिफायर बांधला. एसी १२८ मिळाले नाहीत म्हणून बीसी ५५८ लावले. आवाज चिरका येतो, हळू ठेवला तर येतच नाही. बायससाठी (ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणाऱ्या व्होल्टेजसाठी) ४के७, म्हणजे ४.७ किलोओहम, आणि १०० ओहम आहेत. आकृतीत बॅटरीचा प्लस अर्थला (सर्किटच्या सामाईक तारेला) का जोडलाय? (अमरावती)

उत्तर : शेवटचं आधी. जर्मेनियमच्या काळात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर बहुतेक पीएनपी होते. त्यांचे एमिटर प्लसकडे जातात, म्हणून प्लसलाच अर्थ मानायची पद्धत पडली. आकृती बरोबर आहे. पण मायनस अर्थ असलेलं दुसरं सर्किट, समजा एखादा एफएम ट्यूनर, त्याच बॅटरीवर चालवून दोघांच्या अर्थ जोडल्या, तर बॅटरी शॉर्ट होईल.

आता चिरका आवाज. तुमच्या जोडीवर बायस येतो ९ × १०० ÷ ४८०० म्हणजे साधारण ०.१९ व्होल्ट. जर्मेनियमला तेवढा पुरतो. सिलिकॉनला सुमारे ०.६ ते ०.६५ लागतो. त्यामुळे तुमचे ट्रान्झिस्टर आवाजाच्या फक्त शिखरांवर चालू होतात आणि मधला भाग कापला जातो. शिवाय बीसी ५५८ ची झेप १०० मिलिअँपिअरची, तर एसी १२८ ची १ अँपिअरची. इथे बीसी ३२७ घ्या. पायांचा क्रम बीसी ५५८ सारखाच आहे. दोन्ही एकाच पट्टीतले घ्या आणि मीटरवर गेन जुळवा.

बायस असा बदला. १०० ओहम काढून तिथे १एन ४१४८ आणि ४७ ओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, लावा. डायोडचा अॅनोड अर्थकडे, म्हणजे प्लसकडे. ४के७ च्या जागी २के२. प्रीसेटचा मधला पाय त्याच्याच एका टोकाला जोडायला विसरू नका. तो मोकळा ठेवलात आणि कधी संपर्क सुटला, तर बायस थेट वर जाऊन दोन्ही ट्रान्झिस्टर जळतील. दोन्ही एमिटरचा जोड थेट अर्थला असेल, तर मध्ये ४.७ ओहम घाला. प्रीसेट शून्यावर ठेवून सुरुवात करा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला जाणाऱ्या वायरमध्ये मिलिअँपिअर मीटर घाला. इनपुट न देता करंट ४ ते ६ मिलिअँपिअर होईपर्यंत प्रीसेट हळूहळू फिरवा. डायोड ट्रान्झिस्टरला चिकटून बसवलात, तर तापमान वाढलं तरी बायस जागेवर राहतो.

पुढे कधी खरे एसी १२८ मिळाले, तर हा बायस त्यांना अजिबात देऊ नका. जर्मेनियमचा गळती करंट साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो. तो वाढला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की गळती आणखी वाढते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात हे चक्र लवकर सुरू होतं. मूळ सर्किट वापरा आणि ट्रान्झिस्टरला पितळी किंवा अॅल्युमिनियमची क्लिप घाला.

प्रश्न : साठच्या दशकातल्या मासिकावरून बांधलेला रेडिओ मिळाला. एएफ ११७ असलेला पुढचा भाग मेलाय. बदली ट्रान्झिस्टर न वापरलेला होता, तोही तसाच निघाला. (कोल्हापूर)

उत्तर : या मालिकेचा, म्हणजे एएफ ११४ ते ११७ चा, हा ठरलेला आजार आहे. पत्र्याच्या टोपीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या तारांना टोपीशी शॉर्ट करतात. वापराशी त्याचा संबंध नाही, म्हणून पाकिटातला कोरा ट्रान्झिस्टरही मेलेला निघतो.

या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात. एक पाय बाकीच्या तिघांपासून जरा लांब असतो, तो कलेक्टर. त्या मोकळ्या जागेच्या लगतचा पाय शील्ड, तो टोपीला जोडलेला असतो. रेडिओ बंद करून शील्डचा पाय बोर्डावरून सोडवा आणि टोपी ते उरलेले तीन पाय असं ओहममध्ये मोजा. काही ओहम किंवा काही शे ओहम दिसले, तर तंतू नक्की. तंतू एकाच पायाला टेकला असेल, तर शील्डचा पाय कापून टाकला की बहुतेकदा रेडिओ लगेच बोलू लागतो. दोन पायांना टेकले असतील, तर टोपीमार्फत ते दोन पाय आपसात शॉर्टच राहतात. मग बेस, कलेक्टर, एमिटर एकत्र बांधून ते आणि शील्ड यांच्यात १२ व्होल्टवर चार्ज केलेला ४७० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर टेकवतात. तंतू जळतो, पण पुन्हा वाढू शकतो. ट्रान्झिस्टर बोर्डावर असताना हे करू नका.

प्रश्न : अंकातली पीसीबी स्कॅनवरून टोनर ट्रान्सफरने (लेझर प्रिंट तापवून तांब्यावर उमटवून) केली. आयसी बसत नाही, आणि एकदा तर सगळी उलटी आली. (पुणे)

उत्तर : छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा. कागदावर १६ पायांच्या आयसीचा पहिला ते आठवा पाय मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत १७.७८ मिलिमीटर यायला हवेत. आडवं आणि उभं दोन्ही तपासा, कारण स्कॅन एकाच दिशेने ताणलेलं असू शकतं. आरशाचं गणित सोपं आहे : नकाशातली अक्षरं सरळ असतील आणि तो तांब्याच्या बाजूने दाखवलेला असेल, तर उलटा छापा. पार्टच्या बाजूने पारदर्शक दाखवलेला असेल, तर आहे तसाच. इंकजेट चालत नाही, लेझरच हवा.

नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडचे खडे पाण्यात टाका, खड्यांवर पाणी ओतू नका. भांडं प्लास्टिकचं घ्या. द्रावण कोमट असलं की काम झपाट्याने होतं.

प्रश्न : अमेरिकन ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’मधलं ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट आपल्या २३० व्होल्टवर चालेल का? मेन्समध्ये (घरच्या विजेच्या लाइनमध्ये) १ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर आहे. (मडगाव)

उत्तर : आहे तसं अजिबात नाही. तिथे ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झवर त्या कंडेन्सरमधून सुमारे ४४ मिलिअँपिअर वाहतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ७२ वाहतील आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा झेनर डायोड तापून जाईल. ०.५६ मायक्रोफॅरॅड लावलात, तर करंट ४० वर येतो. कंडेन्सर एक्स २ प्रकारचा (थेट मेन्सवर लावायला बनवलेला), २७५ व्होल्ट एसीचाच हवा, साधा ४०० व्होल्ट डीसीचा नको. सिरीजमध्ये १०० ओहमचा फ्यूजिबल (जास्त करंट आला की फ्यूजसारखा तुटणारा) रेझिस्टन्स लावा. कंडेन्सरला समांतर ४७० के चे दोन, एकापुढे एक, कारण पाव वॉटच्या एका रेझिस्टन्सला एवढा व्होल्टेज झेपत नाही. हे दोन रेझिस्टन्स नसले, तर कंडेन्सर चार्ज राहून प्लग काढल्यावरही पिना झटका देतात.

हे सगळं केलं तरी सर्किटचा प्रत्येक बिंदू मेन्सला जोडलेलाच राहतो. बाहेर हात लागेल असा जॅक, धातूचा स्क्रू किंवा बटण असेल, तर हा मार्ग सोडा आणि छोटा ट्रान्सफॉर्मर बसवा. त्याचा खर्च फार नाही.

प्रश्न : ओसी ७१ या जुन्या ट्रान्झिस्टरचा काळा रंग खरवडला की फोटोट्रान्झिस्टर (उजेडाने चालू होणारा) होतो, हे खरं का? (नाशिक)

उत्तर : जुन्या, पारदर्शक भरण असलेल्या काचेच्या ओसी ७१ बाबतीत खरं. पुढे आत अपारदर्शक भरण येऊ लागलं, तसले खरवडून उपयोग नाही. आधी एका बाजूला मिलिमीटरभरच रंग काढा, कलेक्टर आणि एमिटरमध्ये मीटर लावा आणि टॉर्च मारा. वाचन हललं नाही, तर तिथेच थांबा. ट्रान्झिस्टर अजून चांगला आहे, काळं नेलपॉलिश लावून परत वापरता येईल.