म्युनिकला घर शोधताना अंबाबाईवर किती सोडायचं?

तुझा प्रश्न दोन ओळींचा आहे, पण मी तो चार दिवस डोक्यात घेऊन हिंडतेय. तुझ्या नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागलीय, मुलगी आठ वर्षांची. नवरा म्हणतो, घर हातात आल्याशिवाय तिकिटं नाहीत. सासूबाई म्हणतात, अंबाबाई सोय करील, निघा. कुणाचं ऐकू, असं विचारतेस.

व्हिसा, विमा, बँक यातलं काही मी लिहिणार नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि तुझ्या नवऱ्याने ते पाठही केलं असेल. तिथे नसतं ते सांगते.

पहिलं म्हणजे, नवऱ्याची अट इथे चालत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत बसून म्युनिकचं घर ठरत नाही. मालकाला माणूस समोर बघायचा असतो. एका घरासाठी जिन्यावरून खाली फुटपाथपर्यंत रांग लागते, आणि प्रत्येकाच्या हातात फाइल. पगाराच्या तीन चिठ्ठ्या, शूफाचा दाखला, एक अर्ज ज्यात सिगारेट ओढता का, कुत्रा आहे का, पियानो वाजवता का हे सगळं विचारलेलं. शूफा म्हणजे तुम्ही देणी वेळेवर फेडता याचा कागद. काल उतरलेल्या माणसाकडे तो कुठला असायला?

म्हणून बहुतेक जण आधी महागडी, सामानासकट मिळणारी तात्पुरती खोली घेतात. तुम्हीही घ्याल. पण पैसे भरायच्या आधी मालकाला लेखी विचारा: इथल्या पत्त्यावर नावनोंदणीसाठी लागणारं पत्र देणार का? आमच्या मालकाने गोड हसून चावी दिली आणि पत्राचं नाव काढलं की फोन उचलेना. पत्र नाही म्हणून महापालिकेत नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक येईना, तो नाही म्हणून माझ्या नवऱ्याच्या पहिल्या पगारातून सगळ्यात चढा कर कापला. ती चिठ्ठी पुढच्या घरमालकाला दाखवायची तर त्यावरचा आकडा बघून तोच विचारणार, एवढ्यात भाडं कसं देणार? हे सगळं जर्मन भाषेत, आणि मला तेव्हा ‘दांके’ म्हणजे धन्यवाद, याच्या पुढे काही येत नव्हतं. एकदा त्या कार्यालयाच्या दारात मी मराठीतून शिव्या घातल्या. मोठ्याने. बरं वाटलं.

आणि अनामत. कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि तीन हप्त्यांत देता येते. मालक हे आपणहून सांगत नाही. घर मिळालं तरी आत ओटा, शेगडी, सिंक असेलच असं नाही. जुना भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो. भिंतीतून नुसत्या नळ्या बाहेर आलेल्या बघितल्यावर आमच्या आई फोनवर म्हणाल्या, चोरी झालीय का गं?

आता अंबाबाईचं.

माझं माहेर देवळासमोरच्या महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत. किरणोत्सव मी लहानपणापासून बघितलाय. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. म्हणजे यायला हवीत. काही वर्षी कमरेपर्यंत येऊन लुप्त होतात. कधी ढग असतात, कधी हवेत दमटपणा असतो, आणि कधी रस्त्यावरच्या इमारतींचा कुठलातरी कठडा मध्ये आलेला असतो. मग मोजमाप होतं, अडथळ्यांची यादी होते, नोटिसा जातात, गल्लीत भांडणं होतात. सूर्य आईचा, पण कठडा माणसानेच काढायचा असतो. तुझ्या सासूबाई सूर्याबद्दल बोलतायत आणि नवरा कठड्याबद्दल. दोघंही बरोबर आहेत, म्हणून तुमच्या घरात वाद मिटत नाही.

आम्हाला घर कसं मिळालं ते ऐक. भारतीय सामानाच्या दुकानात मी कढीपत्त्याची किंमत बघून परत ठेवत होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, कुठली? त्या केरळच्या. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आलेल्या, आता निवृत्त. बोलता बोलता कळलं, त्यांच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा वृद्धाश्रमात जाणार आहेत. आठवड्यात चावी हातात आणि त्याच दिवशी नोंदणीचं पत्रही, न मागता. त्यांच्या दिवाणखान्यात मेरीमातेपुढे दिवा असतो. त्या म्हणाल्या, मातेने पाठवलं तुम्हाला. इकडे फोनवर आई म्हणाल्या, अंबाबाईने दिलं बघ, आणि दुसऱ्या दिवशी ओटी भरून आल्या. मी दोघींना हो म्हटलं.

पण त्याआधीच्या एका रांगेत माझ्यापुढे एक सीरियन बाई होती. तीन मुलं, धाकटं कडेवर. माझ्याही आधीपासून ती घर शोधत होती. ते घर तिला मिळालं नाही, आम्हालाही नाही. नंतर कधीतरी ती ट्रामच्या थांब्यावर दिसली, अजून शोधतच होती. ती काय प्रार्थना करत नव्हती? माझ्यापेक्षा जास्तच करत असेल. आमची सोय देवाने केली असं म्हणताना माझी जीभ अडखळते ती इथे. आणि ज्यांच्या खोल्यांत आम्ही राहतो ते आजोबा स्वतःचं घर सोडून गेले, तेव्हा ते रडत होते. हे सासूबाईंना सांगू नकोस, त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायचा माझा हेतू नाही. मी स्वतः रोज दिवा लावते. फक्त ‘आम्हाला दिलं’ असं मोठ्याने म्हणत नाही.

एकटेपणाबद्दल तू विचारलंयस. येतो. नोव्हेंबरात साडेचार-पाचलाच अंधार होतो तेव्हा जास्त येतो. व्हिटॅमिन डी घे, मराठी मंडळाच्या गणपतीला जा, कांदा-लसूण मसाला भरपूर ने. यापलीकडे त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते शाळेचं, आणि ते तू विचारलंच नाहीस. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपत्रक येतं. जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी. इथे 1 सगळ्यात चांगला. 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा; 2.66 पर्यंत रेआलशूले, म्हणजे मधली; बाकीची मिटेलशूलेत, ती सगळ्यात खालची. माझा मुलगा दुसरीच्या मध्यावर आला होता. गणितात 2, उरलेल्या दोन्हींत 3. सरासरी 2.66. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आभार मानायला हवेत.

पुढे कधीतरी दुसऱ्या एका आईकडून कळलं की ज्यांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांच्यासाठी शाळेला 3.33 पर्यंत सवलत देता येते. गुण कमी पडले ते भाषेमुळे आणि ती भाषा सुधारण्यासारखी आहे, असं शाळेला वाटलं तर. आमच्या शाळेने हा शब्दसुद्धा तोंडातून काढला नव्हता. तोवर पुढचं वर्ष सुरू झालं होतं. रेआलशूले वाईट नाही, तिथून पुढे कॉलेजपर्यंत वाट आहे, मुलगा तिथे रमलाय, फुटबॉल खेळतो, मित्र आहेत. सगळे मला हेच सांगतात. मलाही ते माहीत आहे. तरी पालकसभेला त्या जुन्या शाळेसमोरून बस जाते तेव्हा मी दुसरीकडे बघते. घराचं श्रेय ज्या देवीला दिलं, तिच्याकडे या हिशोबाचं काय मागायचं, ते अजून मला सुचलेलं नाही.

म्हणून घराची काळजी नवऱ्यावर सोड. तो आधी एकटा येऊ दे, तात्पुरती खोली घेऊ दे, पत्राचं लेखी घेऊ दे. तू मुलीचं बघ. आठ वर्षांची म्हणजे तिसरीत बसवतील. चौथीचा मे यायला मग फार वेळ उरत नाही. दुसरीत बसवता येईल का ते शाळेत पहिल्याच भेटीत विचार, आणि 3.33 च्या सवलतीबद्दलही तेव्हाच विचार, नवऱ्याला ईमेलवर विचारायला सांग, म्हणजे उत्तर कागदावर राहील. जर्मन तिला आजपासून सुरू कर. कोल्हापुरात शिकवणी मिळते. तुझी पण तिच्याबरोबरच लाव.