चार भागांचा सरकारी वकील

प्रश्न : ‘द डी. ए.’ ही अमेरिकन मालिका चार भागांतच बंद पडली म्हणे. त्यातल्या सरकारी वकिलाचा एक डोळा सतत निवडणुकीवर असतो. सरकारी वकील कधी निवडणूक लढवतो का? आपल्याकडं असं का नाही?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : मालिका मी पाहिलीय, भाच्यानं पेनड्राइव्हवर दिली होती. जेम्स डफ यांची, एबीसी वाहिनीवरची. स्टीव्हन वेबर लॉस एंजेलिसचा डी. ए., म्हणजे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, तिथला मुख्य सरकारी वकील झालाय. मार्च-एप्रिल २००४ मध्ये चार भाग दाखवले आणि गुंडाळली. आमच्या कोर्टात चार तारखांत समन्सही बजावून होत नाही.

निवडणूक खरी आहे. तिथला डी. ए. लोक मतं देऊन चार वर्षांसाठी निवडतात. पण त्याची खरी ताकद वेगळीच. खटला भरायचा का, कोणत्या कलमाखाली, आरोपीशी तडजोड करायची का, हे त्याचं ऑफिस ठरवतं. म्हणून त्याच्या महत्त्वाकांक्षेला धार येते.

आपल्याकडं सरकारी वकील सरकार नेमतं. किमान सात वर्षांची वकिली लागते, जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी बोलून नावं काढतात. आणि चार्जशीट? ते पोलीस दाखल करतात. फाइल आम्हा सरकारी वकिलांच्या हातात येईपर्यंत पंचनाम्याचा कागद पिवळा पडलेला असतो.

एकदा कोयता जप्त केल्याचा पंच तपासत होतो. पोलिसांनी पंच घेतला होता ठाण्यासमोरचा चहावाला. कठड्यात उभा राहून म्हणाला, “सायेब, माझ्यासमोर काय बी झालं न्हाई. सही माझीच हाय. च्याचं पैसं मागाय गेल्तो, तवा घेतली.” जज्जसाहेबसुद्धा हसले. मी त्याला फितूर जाहीर करायला लावून उलटतपास घेतला, पण कोयता हातचा गेला तो गेलाच. आता सांगा, यात महत्त्वाकांक्षा मिरवायची कुठं?

एक अधिकार मात्र आमच्याकडं आहे. कोर्टाच्या परवानगीनं खटला मागं घ्यायचा अर्ज सरकारी वकिलानंच करायचा असतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१ होतं, जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३६०. सरकार सांगू शकतं, पण निर्णय वकिलानं स्वतःच्या बुद्धीनं घ्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार बजावलंय. मंत्रालयातून फोन येतो, समोर कोरा अर्ज, आणि नेमणुकीची मुदत पुढच्या महिन्यात संपणार. कुणाला मालिका काढायची असेल तर इथून सुरू करा.