अडीच वर्षांचं पोर आणि चियांग माई

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बँकॉकला राहतो, मुलगा अडीच वर्षांचा आहे. मार्चमध्ये रात्रीच्या ट्रेनने चियांग माईला जावं म्हणतोय, जमेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर : अगं ट्रेन मस्तच आहे पण मार्च नको गं बाई! फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं नि जंगलं जाळतात, सगळा धूर त्या खोऱ्यात अडकतो आणि समोरचा दोई सुथेप डोंगरसुद्धा दिसेनासा होतो, एवढ्याशा पोराच्या छातीला कशाला तो ताप. नोव्हेंबर-डिसेंबरात जा, हवा छान गार असते. गाडी आता बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनहून नाही, २०२३ पासून क्रुंग थेप अफिवत स्टेशनहून सुटते. खालचा बर्थच घे, वरच्यापेक्षा चांगला रुंद असतो, पोराला कुशीत घेऊन झोपता येतं, फक्त एसी कडाक्याचा असतो म्हणून कानटोपी नि मोजे हाताशी ठेव. खाण्याचं म्हणशील तर पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात 'जे' (เจ) लिहिलेलं दुकान शोध, तिथे मांस, अंडं, फिश सॉस काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही, अगदी आपल्या चातुर्मासासारखं. आणि ऑर्डर देताना 'मै फेत' म्हणायचं, म्हणजे तिखट नको. तरी मेतकूट नि तूप बरोबर असू दे, गरम भात कुठेही मिळतो.